पडताळणी झाली होती, तरी वॉचमन खोट्या नावाने कसा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या तुमच्या सोसायटीत एजन्सीने दिलेला रात्रपाळीचा वॉचमन दुसऱ्याच्या आधारकार्डावर काम करत होता. पार्किंगमधून दुचाकी गेली, पोलीस आले, तेव्हा हे उघड झालं. एजन्सी म्हणते, ‘आमच्याकडे पोलिसांचा दाखला आहे.’ चौकीत म्हणतात, ‘माणूस ठेवणाऱ्याने बघायला हवं होतं.’ तोवर सोसायटीच्या ग्रुपवर तो बांगलादेशी ठरूनही गेला होता. चौकशीत निघाला पश्चिम बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातला, १७ वर्षांचा, चुलतभावाचं कार्ड घेऊन आलेला. दुचाकीशी त्याचा संबंध नव्हता. आता तुम्हाला विचारायचंय की यात सरकारची जबाबदारी कुठे येते, आणि जाब विचारायचा तर कोणाला.

आधी उत्तर देतो, मग सविस्तर सांगतो. माणूस तपासून घेण्याची पहिली जबाबदारी कायद्याने एजन्सीवर आहे. सरकार अडकतं ते दोन ठिकाणी: परवाना दिल्यावर एजन्सीकडे ढुंकूनही न पाहणं, आणि गडबड कळल्यावर त्या माहितीचं काय केलं ते न सांगणं. यातली दुसरी गोष्ट जास्त गंभीर, आणि तीच कोणी विचारत नाही. सगळे मंत्र्याचा राजीनामा मागतात. तारखा मागाव्यात असं माझं मत आहे: कोणाला, कधी कळलं, आणि त्यानंतर कोणत्या टेबलावर कागद किती दिवस पडून राहिला.

मी पोलीस खात्यात असताना पडताळणीच्या टेबलावर बसलेलो आहे. निवृत्तीनंतर सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी सुरक्षेच्या ठेक्यांची तपासणी करतो. त्यामुळे दाखला कसा निघतो आणि नंतर कसा वापरला जातो, दोन्ही बघितलंय.

एजन्सीच्या फायलीत जो कागद असतो त्यावर साधारण असं लिहिलेलं असतं की अमुक नावाच्या इसमाविरुद्ध या पोलीस ठाण्याच्या अभिलेखावर गुन्हा दाखल असल्याचं आढळून येत नाही. त्यातला ‘या पोलीस ठाण्याच्या’ हा भाग कोणी वाचत नाही. अर्जदार सहा महिन्यांपूर्वी नाशिकला आला असेल तर इथल्या ठाण्यात त्याचं काय असणार? मूळ गाव दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात असेल तर तिकडे विचारणा करावी लागते. ती जाते, पण उत्तर येतंच असं नाही. आलं तरी वेळेत येत नाही. इकडे वरून आकडा मागतात, किती अर्ज प्रलंबित, किती निकाली. मग अर्ज ‘स्थानिक अभिलेखानुसार’ निकाली निघतो. लिहिलेलं सगळं खरं असतं. फक्त एजन्सी ते वाचताना ‘माणूस चांगला आहे’ असं वाचते, आणि तुमची कमिटी वाचताना ‘पोलिसांनी माणूस दिला’ असं वाचते.

तुमच्या प्रकरणात तर गंमतच आहे. दाखला चुलतभावाच्या नावाचा. चुलतभावावर खरोखरच गुन्हा नाही. म्हणजे ठाण्याचा हवालदार खोटं बोलला नाही, दाखलाही खोटा नाही. कार्डावरचा माणूस आणि गेटवर उभा असलेला माणूस एकच आहे का, एवढंच कोणी पाहिलं नाही, कारण ते आपलं काम आहे असं कोणालाच वाटलं नाही.

आता कायदा. खाजगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे, धंद्यात त्याला ‘पसारा’ म्हणतात. त्याचं कलम १० तुम्ही एकदा स्वतः वाचा. सुरक्षा रक्षक भारताचा नागरिक असावा, किंवा केंद्राने अधिसूचित केलेल्या देशाचा. वय १८ पूर्ण आणि ६५ च्या आत. आणि त्याच्या चारित्र्याबद्दल, पूर्वेतिहासाबद्दल एजन्सीने विहित पद्धतीने स्वतःची खात्री करून घ्यायची. त्यामुळे ‘आमच्याकडे पोलिसांचा दाखला आहे’ एवढ्यावर एजन्सी सुटत नाही. कलम १५ प्रमाणे एजन्सीने एक रजिस्टर ठेवायचं, त्यात प्रत्येक रक्षकाचं नाव, पत्ता, फोटो, पगार, आणि रक्षक कोणाकोणाला पुरवले त्यांची नावं. कलम १७ प्रमाणे फोटोचं ओळखपत्र. केंद्राच्या नमुना नियमांत प्रशिक्षण ठरवलेलं आहे: १०० तास वर्गात, ६० तास मैदानावर, कमीत कमी २० कामाच्या दिवसांत. तुमच्या गेटवर आजवर आलेल्या रक्षकांपैकी किती जणांनी हे १६० तास पाहिले असतील, तुम्हीच अंदाज करा.

कलम १० मोडल्यास दंड २५,००० रुपयांपर्यंत, शिवाय परवाना स्थगित किंवा रद्द होऊ शकतो. दंडाला कोणी घाबरत नाही. परवान्याला घाबरतात, पण तो रद्द व्हायचा तर कोणीतरी आधी तपासणीला जायला हवं. कलम १६ ने नियंत्रक प्राधिकाऱ्याला, म्हणजे परवाना देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला, एजन्सीच्या कार्यालयात जाऊन कागद पाहण्याचा अधिकार दिलेला आहे. सरकार म्हणून जबाबदारी सुरू होते ती इथे.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. महाराष्ट्रात १९८१ पासून सुरक्षा रक्षकांसाठी वेगळा राज्य कायदा आहे. मंडळं आहेत, मंडळाकडे नोंदलेले रक्षक आहेत. तो विषय कामगार विभागाचा. पसारा गृह विभागाचा. पगार, पीएफ आणि सुट्ट्यांचं विचारलं की एक विभाग, माणूस कोण आहे हे विचारलं की दुसरा. वास्तविक दोन्ही गोष्टी एकाच रजिस्टरवर दिसतात. पगार ज्याच्या खात्यात जातो तो माणूस आणि गेटवरचा माणूस वेगळा असेल तर दोन्ही कायदे एकदम मोडलेले असतात. पण दोन विभागांचे निरीक्षक एकत्र गेटवर आलेले मी तरी पाहिले नाहीत.

हे गेटवर कसं दिसतं ते सांगतो. सातपूरच्या एका कारखान्यात रात्रीची अचानक तपासणी. मस्टरवर तीन नावं, गेटवर तीन माणसं, सह्या तीन. सगळं जुळतंय. मग मी फक्त एवढंच सांगितलं, की प्रत्येकाने आपलं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मसाल माझ्या वहीत लिहा. पहिल्या दोघांनी लिहिलं. तिसऱ्याने ओळखपत्र उलटं करून हळूच बघितलं आणि मग लिहिलं. ओळखपत्रावरचा फोटो नवा होता, एजन्सीचा गोल शिक्का फोटोच्या बाहेर होता तेवढाच. फोटोवर यायला हवी ती अर्धी गोलाई नव्हतीच. नेहमीचा रक्षक गावी गेला होता, एजन्सीच्या फील्ड ऑफिसरने रिलीव्हर, म्हणजे बदली रक्षक, मिळत नाही म्हणून त्याच्याच नावावर दुसरा माणूस उभा केला होता. पॉइंट, म्हणजे पहाऱ्याची जागा, रिकामा राहिला तर एजन्सीच्या बिलातून कापतात ना. असली बदली या धंद्यात रोजची आहे, आणि परकीय घुसखोरीशी तिचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो. पण चुकीच्या नावाने माणूस आत घेण्याची वाट तीच. एकदा ती सवयीची झाली की तिच्यातून कोण येतंय हे नशिबावर.

आता तारखांचं का म्हणतो, ते सांगायला मला नेहमी ब्रिटनचं २००७ चं प्रकरण आठवतं. तिथे २००१ च्या कायद्याने सुरक्षा रक्षकांना परवाने देणारं सरकारी प्राधिकरण उभं केलं होतं. ते अर्जदाराची ओळख आणि गुन्हे तपासायचं. पण त्याला देशात काम करण्याचा हक्क आहे का, हे सर्वांच्या बाबतीत तपासत नव्हतं, कारण कायद्याने ते काम नोकरी देणाऱ्याचं. नोकरी देणारा म्हणायचा, सरकारी परवाना आहे म्हणजे सगळं तपासलेलं आहे. झालं, आपलीच कहाणी. सुमारे ५,००० बेकायदा स्थलांतरितांना परवाने मिळाले असावेत असा पहिला अंदाज होता, पुढे मोजणीत तो वाढला. त्यांच्यातला एक जण पंतप्रधानांची गाडी दुरुस्तीला ठेवली होती त्या जागेच्या पहाऱ्यावर होता.

गृहमंत्री जॅकी स्मिथ यांना हे जुलैत कळलं होतं. लोकांना कळलं नोव्हेंबरात, तेही वर्तमानपत्रांतून. मधल्या काळातला पत्रव्यवहार बाहेर आला. त्यात सल्ला असा होता की परिस्थिती समजावून सांगण्यासाठी जी वाक्यं तयार आहेत ती प्रसिद्धी कार्यालयाने किंवा मंत्र्यांनी वापरण्याइतकी चांगली नाहीत, आणि मंत्री त्याच्याशी सहमत होत्या. संसदेत त्यांनी बाजू मांडली की अर्धवट आकडे जाहीर करण्यापेक्षा पूर्ण चित्र हाती येईपर्यंत थांबणं जबाबदारीचं होतं. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. रात्रपाळीच्या टेबलावर बसलेला कोणीही सांगेल की पहिला आकडा नेहमी चुकतो. पण रक्षक तर त्या चारही महिने पहाऱ्यावर होते, आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. मूळ त्रुटी आधीपासूनची होती, तिचं खापर एका मंत्र्यावर फोडणं अन्याय झाला असता. जुलै ते नोव्हेंबर मात्र त्यांचेच.

आपल्याकडे याच्या उलट घडतं. तारखा कोणी मागत नाही, डोकं मागतात. २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी राजीनामा दिला, मुख्यमंत्री विलासराव देशमुखही गेले. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीनंतर आबा पुन्हा गृहमंत्री झाले. माणूस म्हणून त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. मुद्दा एवढाच की राजीनाम्याने पडताळणीची एकही पायरी बदलत नाही. त्याच हल्ल्याची रेकी करणारा डेव्हिड हेडली नाव बदलून, व्हिसाच्या अर्जात खोटी माहिती भरून भारतात आला होता. २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयापुढे साक्षीत त्याने ते स्वतः सांगितलं. प्रकरण उघड झाल्यावर सरकारने काय केलं, तर २००९ च्या अखेरीस पर्यटक व्हिसावर दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचं अंतर सक्तीचं केलं. अर्ज तपासणाऱ्याची चूक, आणि भुर्दंड सरसकट सगळ्या पर्यटकांना. २०१२ मध्ये तो नियम बहुतेकांसाठी उठवावा लागला.

नाशिक जिल्ह्यातलं ताजं उदाहरण मालेगावचं. जन्माची नोंद एक वर्षापेक्षा उशिरा करायची असेल तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीने, १ ऑक्टोबर २०२३ पासून, तो अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. म्हणजे कोर्टाच्या पायरीवरून कागद तहसील कचेरीत आला. नंतर मालेगावात अशा दाखल्यांबाबत आरोप झाले, जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमलं गेलं, महसूल अधिकारी निलंबित झाले, आणि राज्यभर उशिराचे दाखले देणं काही काळ थांबवलं गेलं. दोष कोणाचा ते तपास आणि न्यायालय ठरवेल, त्यावर मी बोलणार नाही. मी विचारतो तो प्रश्न साधा आहे: अधिकार कोर्टाकडून कचेरीत आणताना, कचेरीने काय तपासायचं याची कार्यपद्धती त्याच दिवशी दिली होती का? सविस्तर कार्यपद्धती आली ती गलका झाल्यावर. मधल्या काळात सही करणारा सापडतो, पण कार्यपद्धती न देता अधिकार देणारा कोणत्याच चौकशीत सापडत नाही.

पडताळणी दोन्ही बाजूंनी चुकते, हेही सांगायला हवं, कारण तुमच्या ग्रुपवर जे झालं ते किरकोळ नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे बांगलादेशात ढकललं गेलं आणि ते भारतीय असल्याचं दाखवल्यावर परत आणावं लागलं. बोली ऐकून नागरिकत्व ठरवलं की असं होतं. मालदा, मुर्शिदाबादकडची बोली आणि सीमेपलीकडची बोली यातला फरक नाशिकच्या हवालदाराला काय कळणार, आणि तुमच्या ग्रुपला तर त्याहून नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसाममधल्या एका खटल्यात स्पष्ट केलं की नागरिकत्व सिद्ध करण्याचा भार त्या माणसावर असला, तरी संशय घ्यायला यंत्रणेकडे आधी काही ठोस आधार असला पाहिजे. वाटलं म्हणून कोणालाही परकीय ठरवून नोटीस काढता येत नाही. १९४६ चा विदेशी नागरिक कायदा आता गेला, १ सप्टेंबर २०२५ पासून २०२५ चा नवा कायदा लागू आहे. पण ठोस कारणाशिवाय संशय नाही, हे तत्त्व त्याने बदललेलं नाही.

आधारकार्डाबद्दलही सोसायट्यांचा गैरसमज पक्का असतो. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच तसं म्हटलंय. १८२ दिवस भारतात राहिलेल्या परकीयालाही तो मिळू शकतो. त्यातून झेरॉक्सवर तर काहीच सिद्ध होत नाही. कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या ॲपमधून स्कॅन करा, त्यात आलेला फोटो समोरच्या तोंडाशी ताडून बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तुमच्या प्रकरणात एवढ्याने पहिल्याच रात्री उलगडा झाला असता.

जाता जाता, भारताच्या पासपोर्टची वही आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. सीआयएसएफचा पहारा, कागदाच्या प्रत्येक तावाचा हिशेब. तिथून कोरं पान बाहेर जाणं महाकठीण. आणि ती वही कोणाच्या हातात द्यायची हे ज्या अहवालावर ठरतं, तो लिहितो बीटचा एक हवालदार, त्याच दिवशी बंदोबस्त, समन्स आणि दोन मोर्चे सांभाळून.

आता जाब कसा विचारायचा. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. कोणा रक्षकाची वैयक्तिक माहिती मागू नका. ती मिळणार नाही आणि मागूही नये. प्रक्रियेची माहिती मागा. पोलीस आयुक्तालयाला एक अर्ज: गेल्या तीन वर्षांत खाजगी सुरक्षा रक्षकांच्या चारित्र्य पडताळणीचे किती अर्ज आले, त्यांपैकी किती मूळ जिल्ह्याकडे किंवा राज्याकडे पाठवले, किती ठिकाणहून उत्तर आलं, आणि उत्तर न येता किती निकाली काढले. सगळी मेख या शेवटच्या आकड्यात आहे. ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या, कारण उत्तर न आलेल्या विचारणांची कोणी मोजदादच ठेवत नाही हे त्यांनीच लिहून दिलं. दुसरा अर्ज गृह विभागाकडे, पसाराखालच्या तपासण्यांसाठी: नाशिकमध्ये कलम १६ खाली किती एजन्सींची तपासणी झाली, कोणत्या तारखांना, किती परवाने स्थगित झाले. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. हातात तारखा आल्या की मग आमदारांना द्या, विधानसभेतला तारांकित प्रश्न त्यावर उभा राहतो. नुसत्या ‘कडक कारवाई करा’च्या निवेदनाला ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर ठरलेलं असतं. राज्याचा २००५ चा बदल्या आणि विलंब प्रतिबंधाचा कायदाही लक्षात ठेवा: एका टेबलावर फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं त्यात आहे. तो वापरायला तारीखच लागते.

हे आताच विचारायचं कारण सिंहस्थ. २०२७ च्या पर्वण्यांसाठी पार्किंग, तंबू, गोदामं, हॉटेलं सगळीकडे खाजगी रक्षक लागणार. निविदा सर्वांत कमी दराला जाते, तो दर किमान वेतन आणि प्रशिक्षण धरून परवडत नाही, मग एजन्सी ऐनवेळी मिळेल तो माणूस गणवेश घालून उभा करते. निविदेच्या अटींत परवान्याची प्रत मागतात, रक्षकांची यादीही मागतात. ती यादी प्रत्यक्ष हजेरीशी ताडून पाहण्याचं काम कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडे आहे, हे कामाच्या आदेशात आधीच लिहिलेलं असलं पाहिजे. नंतर शोधायला गेलात तर तो सापडत नाही.

तुमच्या सोसायटीपुरतं सांगायचं तर एजन्सीला लेखी पत्र द्या: कलम १५ च्या रजिस्टरमधला तुमच्या गेटचा भाग दाखवा, बदली माणूस पाठवताना आधी फोटो पाठवा, दर महिन्याच्या बिलासोबत पीएफ-ईएसआयसीची चलनं नावांसकट जोडा. पोलिसांत तक्रार द्यायची ती एजन्सीविरुद्ध द्या. १७ वर्षांच्या मुलाला रात्रपाळीला उभं करणारी ती आहे. आणि त्याने तुमच्याकडे केलेल्या कामाचा पगार ‘खोट्या नावाने होता’ म्हणून एजन्सी बुडवायला बघेल, तशी पद्धतच आहे. पगार कार्डावरच्या चुलतभावाच्या खात्यात गेला की त्या मुलाला मिळाला, हे त्याच पत्रात विचारा आणि पत्राची पोच घ्या.